नऊ ते सहाची खरखर

लिफ्टवाल्यांनी छत्तीस वर्षं लोकांच्या इमारतींतल्या लिफ्ट दुरुस्त केल्या आणि स्वतः राहायला घर घेतलं ते मात्र लिफ्ट नसलेल्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. कुणी कारण विचारलंच तर म्हणत, "लिफ्टवर माझा पूर्ण विश्वास आहे हो. पण तिची देखभाल करणाऱ्यांना मी ओळखतो, म्हणून जिना." निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी सगळी इमारत त्यांना लिफ्टवालेच म्हणायची. आणि त्यांच्या बायकोनं जन्मात कधी पाना हातात धरला नव्हता, तरी ती बिचारी लिफ्टवाल्या काकू.

मागच्या खोलीत खिडकीला लागून एक टेबल होतं. त्यावर रेडिओ, हेडफोन, मोर्सची पितळी कळ आणि एक जाडजूड नोंदवही. रीतसर परीक्षा देऊन, परवाना काढून, घरात बसून जगभरच्या माणसांशी बोलायचं, ही लिफ्टवाल्यांची तीस वर्षांची हौस. मधे ना टेलिफोन कंपनी, ना इंटरनेट. गच्चीवर ताणलेली एक तार आणि वरचं आभाळ, बस. काकू त्या टेबलाला सवत म्हणत. पण तिच्यावरची धूळ रोज त्याच पुसत.

त्या टेबलाशी रोज दुपारी चार वाजता लिफ्टवाल्यांची एक गाठ ठरलेली होती. समुद्रापलीकडच्या एका बेटावर त्यांचा दोस्त राहायचा. जन्मभर जहाजांवर रेडिओची नोकरी केलेला, म्हणून त्याला सगळे खलाशी म्हणायचे. दोघांची दोस्ती रेडिओवरच जमलेली. प्रत्यक्ष भेट उभ्या जन्मात दोनदा. दोन वर्षांपूर्वी खलाशाला अर्धांगवायू झाला. वाचा गेली, उजवा हात गेला. डावा हात उरला, पण तो इतका थरथरायचा की फोनच्या काचेवर एक अक्षर उमटवायला बोट धरेना. मग पठ्ठ्यानं आठ महिने खपून डाव्या हाताला मोर्सची कळ शिकवली. कट्ट म्हणजे टिंब, कडकट्ट म्हणजे रेघ. कळ काय, नुसती खालीवर होते. थरथर असली तरी सांभाळून घेते. सुनेला खुणा करून औषधपाणी मागता यायचं, पण गप्पा मारायच्या, चिडवायचं, शिव्या घालायच्या, तर ते फक्त चार वाजता आणि फक्त लिफ्टवाल्यांशी.

आणि तिथेच माशी शिंकली.

बावीस दिवसांपूर्वी लिफ्टवाल्यांच्या रेडिओत खरखर सुरू झाली. ओल्या लाकडावर बोथट करवत फिरवावी तसा आवाज, थांबायचं नाव नाही. सकाळी नऊच्या सुमारास यायची, संध्याकाळी सहाला जायची. एवढा वक्तशीर माणूस लिफ्टवाल्यांनी छत्तीस वर्षांच्या नोकरीत एकही पाहिला नव्हता. खलाशाचा सिग्नल मुळात अशक्त, तो या खरखरीखाली पार गाडला जायचा. दहातलं एखादं अक्षर हाती लागायचं. लिफ्टवाले आपले रोज विचारत, "पुन्हा पाठव. ऐकू आलं नाही. पुन्हा पाठव." खलाशी पुन्हा पाठवायचा. मग पुन्हा. मग गप्प व्हायचा.

लिफ्टवाल्यांनी काही करायचं बाकी ठेवलं नाही. गच्चीवर चढून तारेचे सांधे उकलले, घासले, नव्यानं डाख देऊन जोडले. हेडफोन बदलले. रेडिओचं पोट उघडून ब्रशनं साफ केलं. एवढ्यानं भागेना तेव्हा, बायकोला बँकेत जातो सांगून, गुपचूप कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आले. डॉक्टर म्हणाले, "वयाच्या मानानं उत्तम आहेत." हे 'वयाच्या मानानं' लिफ्टवाल्यांना असं झोंबलं की तीन दिवस कुठल्याही डॉक्टरचं नाव निघालं तरी ते भडकत, आणि काकूंना तर ते का भडकताहेत हेच ठाऊक नव्हतं.

मग त्यांनी प्रत्येक रेडिओवाला करतो ती चाचणी केली. घराचा मेन स्विचच पाडला. फ्रिज गप्प, पंखा गप्प, स्वयंपाकघरात काकूंचा मिक्सर मधेच गप्प. काकू तेवढ्या गप्प नव्हत्या. रेडिओ बॅटरीवर लावला. बॅटरी नवी कोरी. काकूंनीच नवऱ्याच्या वाढदिवसाला मोठ्या हौशीनं आणलेली, गॅलरीत उन्हावर चार्ज होण्यासाठी सोबत सौर पॅनेलसुद्धा. "वीज गेली म्हणून तुमची चारची गाडी चुकायला नको," म्हणाल्या होत्या. तर त्या बॅटरीवर रेडिओ लावला आणि कान दिला. खरखर जशीच्या तशी! म्हणजे दोष घरात नाही, बाहेर आहे. लिफ्टवाल्यांना हायसं वाटलं. दोष बाहेरचा निघाला की कुणालाही वाटतं.

मग हातात खिशातला छोटा रेडिओ घेऊन ते इमारतभर वास काढत फिरले. जिन्यात खरखर मंद, अंगणात जवळजवळ नाहीच. घरातही स्वयंपाकघरात कमी, गॅलरीत जास्त, आणि गॅलरीच्या डाव्या टोकाला, शेजारच्या गॅलरीला लागून असलेल्या कठड्यापाशी, कान किटतील इतकी.

शेजारी राहायचे मासेवाले. हे निवृत्त चित्रकला शिक्षक. घरात माणसं दोन आणि काचेच्या टाक्या सात. प्रत्येक टाकीला पंप, हीटर आणि वर निळसर दिवे. आणि ते दिवे आपोआप लागायचे सकाळी नऊला, विझायचे संध्याकाळी सहाला! हे समजलं तेव्हा लिफ्टवाल्यांनी टेबलावर अशी थाप मारली की नोंदवही खाली पडली. चोर सापडला होता. फक्त चोर हा भला माणूस, जिन्यात भेटला की हातातली पिशवी घेणारा. म्हणून पाच दिवस ते तोंड उघडायला धजले नाहीत. नुसते जिन्यात त्याच्याकडे संशयानं बघत राहिले आणि पिशवी काही देईनात.

पण आज सकाळी बेटावरून खलाशाच्या सुनेचा निरोप फोनवर आला. लिफ्टवाल्यांनी तो तीनदा वाचला.

"काका, तुमच्याकडे खरखर आहे हे मी बाबांना रोज सांगते. त्यांना पटत नाही. त्यांचा हातच बिघडलाय, आणि तुम्ही मन राखायला खरखरीचं निमित्त सांगता, असं त्यांच्या मनानं घेतलंय. काल खुणेनं म्हणाले, उद्या चारला शेवटचं बसतो, मग टेबल आवरून टाक. काय करू?"

लिफ्टवाल्यांनी फोन उलटा ठेवला. आठ महिने खपून शिकवलेला हात! आणि इकडे आपण 'पुन्हा पाठव, पुन्हा पाठव' म्हणून त्याच हातावर घाव घालत होतो. आज चारला ऐकू आलं नाही, तर तो माणूस जिवंतपणी कायमचा मुका होणार. भिडस्तपणा गेला चुलीत, म्हणून त्यांनी चपला घातल्या.

"तुमच्या माशांनी माझा जीव खाल्लाय," दार उघडताच ते म्हणाले.

मासेवाले गोंधळले. "माझ्या? अहो, ते तर पिठाच्या गोळीपलीकडे काही खात नाहीत."

लिफ्टवाल्यांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. खलाशी, चार वाजता, नऊ ते सहा. मासेवाल्यांनी ऐकून घेतलं. रागावले नाहीत. पाच दिवस आपल्याला पिशवी का मिळत नव्हती एवढंच त्यांच्या ध्यानात आलं.

"बंद करून बघू या ना," ते म्हणाले. "मात्र अर्ध्या तासावर नको हं. सोनेरी जोडी नाजूक आहे."

तीन वाजता मासेवाल्यांनी पंप, दिवे, हीटर, झाडून सगळं बंद केलं. वर स्वतःचा मेन स्विचही पाडला. सात टाक्या काळोखात बुडाल्या. लिफ्टवाले धावत घरी आले, हेडफोन चढवला.

खरखर होती. तसूभर कमी नाही.

दहा मिनिटं त्यांनी तशीच काढली, मग जाऊन मासेवाल्यांना सगळं चालू करायला सांगितलं. सोनेरी जोडी पाण्यावर तोंड काढून आ वासत होती. लिफ्टवाल्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "चुकलो," ते म्हणाले. "उगाच तुमच्यावर आळ घेतला."

"ते जाऊ द्या. पण मग आहे तरी काय?"

"देव जाणे. माझे कानच असतील." एवढं बोलून ते घाईनं परतले.

चाराला पाच कमी होते. काकूंनी टेबलावर चहा आणून ठेवला. लिफ्टवाले कान लावून बसले. चार वाजले. करवत चालू होती आणि तिच्या खाली, खोल कुठेतरी, कुणीतरी भिंतीपलीकडून टकटक करावी तसं काहीतरी होतं. खलाशी आला होता. एक टिंब लागलं, एक रेघ लागली, पुढचं सगळं करवतीत गेलं. लिफ्टवाल्यांनी डोळे गच्च मिटले, हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबला, आणि तरीही काही लागेना तेव्हा संतापून कोपर असं झटकलं की कपातला सगळा चहा मागे पलंगावर घडी करून ठेवलेल्या रजईवर.

"वा!" काकू म्हणाल्या. "कालच धुतली होती. राग रेडिओवर आणि आंघोळ माझ्या रजईला." त्यांनी रजई उचलली, मोरीत नेऊन डाग खंगाळला, आणि पुटपुटत गॅलरीत जाऊन ती कठड्यावर उन्हात पसरली.

खरखर थांबली.

कमी झाली नाही, थांबली. लिफ्टवाल्यांना आधी वाटलं, रेडिओच मेला. पण मागे एक शांत, मऊ सळसळ होती. तीन आठवड्यांपूर्वी असायची ती, आभाळाची स्वतःची.

"काय केलंस?" ते ओरडले.

"अजून काही केलं नाही," गॅलरीतून उत्तर आलं, "पण अशानं एखाद दिवस करीन."

"अगं, आत्ता! काय केलंस आत्ता?"

"रजई वाळत घातली. ही बघा, घसरतेय मेली." आणि काकूंनी रजई कठड्यावरून उचलून घेतली.

खरखर सुरू झाली.

"घाल! पुन्हा घाल!"

शांत.

"काढ!"

करवत.

"घाल!"

"तुम्ही शुद्धीवर आहात ना?" काकूंनी विचारलं, पण रजई घातली.

लिफ्टवाल्यांनी मान वळवून खिडकीतून पाहिलं. कठड्याच्या डाव्या टोकाला, मासेवाल्यांच्या गॅलरीला लागून, बाहेर कललेलं ते वाढदिवसाचं सौर पॅनेल होतं आणि त्यावर रजई. पॅनेलची वीज बॅटरीत जाते ती एका छोट्या पेटीतून. ती पेटी विजेचे सेकंदाला हजारो तुकडे करून आत सोडते, आणि त्याच तुकड्यांचा आवाज गॅलरीभर फिरवलेल्या वायरीतून गच्चीवरच्या तारेत शिरत होता. ऊन नऊला यायचं, सहाला जायचं. पॅनेल झाकलं की पेटी झोपायची. आणि आपण? आपण मेन स्विच पाडला आणि चाचणी म्हणून रेडिओ लावला तो त्याच बॅटरीवर! चोरालाच पहाऱ्यावर बसवलं होतं, आणि वर त्यालाच विचारत होतो, कुणी दिसलं का.

त्यांनी नोंदवही मागे चाळली. बावीस दिवसांपूर्वीचं पान. खाली लाल शाईत: 'खरखर सुरू. कारण अज्ञात.' त्याच पानावर वर निळ्या शाईत: 'पॅनेल बसवलं. झकास.' दोन्ही ओळी त्यांच्याच हातच्या. छत्तीस वर्षं ते नव्या मेस्त्र्यांना बजावत आले होते: कुणी बंद केलंय म्हणाला तरी ऐकू नका, तारेला टेस्टर लावून बघा. तो टेस्टर या एका पेटीला लावायचं त्यांना सुचलं नाही, कारण ती बायकोनं दिली होती. प्रेमानं दिलेल्या वस्तूवर कोण संशय घेतो?

पण हे सगळं मनात यायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात हेडफोनमध्ये आभाळाच्या सळसळीखेरीज काही उरलं नव्हतं. टकटक बंद पडली होती. चार वाजून अकरा मिनिटं. खलाशी उठला की काय?

"रजई सोडू नकोस!" ते ओरडले. "जीव गेला तरी सोडू नकोस!"

"अहो, पॅनेल बाहेर कललंय, ती राहत नाही. हातानं धरावी लागते."

"मग धर! तुझे पाय धरतो, पण रजई धर!"

लग्नाला चाळीस वर्षं झाली, त्यात पाय धरायची भाषा पहिल्यांदाच आली होती. काकूंनी दोन्ही हात पसरून रजई धरली.

लिफ्टवाल्यांनी कळ दाबली. खलाशाचं नाव पाठवलं. थांबले. काही नाही. पुन्हा पाठवलं. काही नाही. तिसऱ्यांदा पाठवलं आणि पुढे जोडलं: 'उठू नकोस. खरखर गेली.'

बराच वेळ गेला. मग आलं. हळू, दूरवरून, पण एकेक अक्षर धुऊन ठेवल्यासारखं. खलाशाचा डावा हात. शेवटच्या टिंबाआधी किंचित अडखळणारा, तोच.

'खरं सांग. माझा हात कसा आहे?'

'स्वच्छ,' लिफ्टवाल्यांनी पाठवलं. 'सगळं कळतंय.'

'खोटं.'

'शपथ.'

त्यावर उत्तर आलं नाही. लिफ्टवाले कासावीस झाले. कसं पटवायचं याला? तीन आठवडे ज्यानं 'पुन्हा पाठव'शिवाय काही ऐकलं नाही, त्याला 'स्वच्छ' या एका शब्दावर कोण विश्वास ठेवायला सांगणार? मन राखायला माणसं तेवढं म्हणतातच. गॅलरीत कुणाचा तरी आवाज आला. मासेवाले आपल्या कठड्यावरून वाकून विचारत होते, "वहिनी, हे काय चाललंय?" आणि काकू म्हणत होत्या, "मला काय विचारता? काखेत कळसा आणि गावाला वळसा, ते चाललंय. तेवढं दुसरं टोक धरा बघू."

मग खलाशी पुन्हा आला. या वेळी लांबलचक. लिफ्टवाले एकेक अक्षर वहीत उतरवत गेले, आणि उतरवता उतरवता त्यांच्या भुवया वर चढत गेल्या.

'आज दुपारी मी तीन चपला उकडून खाल्ल्या.'

त्यांनी ओळ पुन्हा वाचली. बिचाऱ्याचं डोकं फिरलं की काय, हा पहिला विचार. दुसऱ्या क्षणी लख्ख कळलं. लबाड! अंदाजानं ताडता येणार नाही असं वाक्य पाठवलं होतं त्यानं. ज्याला खरोखर ऐकू आलं त्यालाच उत्तर देता येईल असं. 'हो, छान,' असं काही उत्तर गेलं की समजायचं, मन राखताहेत, टेबल आवरायचं.

लिफ्टवाल्यांनी पाठवलं:

'तीनच का? चौथी विंचवानं नेली? आणि मीठ टाकलं होतं का?'

हेडफोन शांत झाला. आणि मग आलं: चार टिंबं, दोन टिंबं. पुन्हा चार टिंबं, दोन टिंबं. मोर्सवाल्यांच्या दुनियेत हसण्याची खूण हीच. खलाशी थांबेचना; चार आणि दोन, चार आणि दोन, हात अडखळतोय, टिंबं एकमेकांवर आदळताहेत, तरी चाललंच आहे. लिफ्टवाल्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं, आणि त्यांनी ते पुसलंही नाही, कारण एक हात कळेवर होता आणि दुसरा हेडफोनवर.

टेबलावरचा फोन उजळला. सुनेचा निरोप.

"काका, बाबांना काय सांगितलंत? बाबा हसताहेत. आवाज येतोय त्यांचा. दोन वर्षांत पहिल्यांदा आवाज ऐकला. सगळं घर गोळा झालंय."

आणि लगेच दुसरा: "टेबल राहू दे म्हणताहेत."

लिफ्टवाले फोनकडे बघत राहिले. कान शाबूत होते, दोस्त शाबूत होता, दोस्ताचा हात शाबूत होता. मूर्ख ठरलो होतो तो आपण एकटे, आणि एवढ्यावर सुटका होत असेल तर मूर्ख ठरायला त्यांची काहीच हरकत नव्हती. खलाशी आता सुसाट सुटला होता. तीन आठवड्यांचं तुंबलेलं सगळं. सुनेच्या हातचं आळणी जेवण, डॉक्टरला मनातल्या मनात घातलेल्या शिव्या, शेजाऱ्याचा कोंबडा.

"अहो!" गॅलरीतून काकूंची हाक आली. "माझे हात भरून आले. मास्तरांचेही आलेत. सोडू का आता?"

ती पेटी सोडवून ठेवायला पेचकस घेऊन दोन मिनिटं पुरली असती. पण त्या दोन मिनिटांसाठी हेडफोन काढावा लागला असता.

"पाच मिनिटं," लिफ्टवाले म्हणाले. "तो कोंबड्यापर्यंत आलाय."

काकूंनी आत डोकावून पाहिलं. नवऱ्याचे भिजलेले गाल दिसले. त्यांनी रजई जरा वर ओढून घेतली आणि मासेवाल्यांना म्हणाल्या, "मास्तर, नीट धरा. तुमच्या बाजूनं ऊन शिरतंय."